अठरावी कविता

जेद्दाच्या इस्पितळांतून म्हाताऱ्या बायकांना 'मामा', म्हणजे आई, म्हणायची रीत आहे. दाभोळहून नवी नवी आलेली खुर्शीद पहिल्या आठवड्यात ते ऐकून ओढणीचं टोक तोंडावर धरून हसली होती. तिचे खरे मामा दोघे, दोघेही दाढीवाले तांडेल, आणि त्यांना कुणी सुई टोचायला गेलं असतं तर त्यांनी नर्सला उचलून खाडीत टाकलं असतं. पण माणूस रुळतो. सव्वीस वर्षांत हजारेक मामा खुर्शीदच्या हाताखालून गेल्या, काही बऱ्या होऊन घरी, काही कबरस्तानात, आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

इस्पितळाची नोकरी संपल्यावर ती घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळू लागली. तशीच एका नॉर्वेजियन बाईंकडे गेली. बाईंचा नवरा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. तो चार वर्षांपूर्वी वारला आणि इथल्याच परधर्मीयांच्या जुन्या कबरस्तानात पुरला गेला. त्याला इथे टाकून मी जाणार नाही, असं म्हणून बाई राहिल्या. राहण्याचा परवाना म्हणजे इकामा स्वतःच्या नावावर होता, हमी देणारा कफील कुणी नव्हता, त्यामुळे 'जा' म्हणणारंही कुणी नव्हतं. मग त्यांना झटका आला. उजवा हात गेला, दृष्टी जवळजवळ गेली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"गुड मॉर्निंग, मामा," खुर्शीद पहिल्या दिवशी सवयीने म्हणाली.

"माझं नाव मारित," बाई अडखळत इंग्रजीत म्हणाल्या. "पण मामा चालेल. बऱ्याच वर्षांत मला आईच्या नात्याने कुणी हाक मारली नाही."

त्या कवयित्री होत्या, हे खुर्शीदला तीन आठवड्यांनी कळलं. कपाटातली तेरा पुस्तकं पुसताना तिने पाहिलं की सगळ्यांवर एकच नाव आहे, मारित होल्मस्टाड. तिने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "हो, तो माझा अपराध आहे." खुर्शीदला वाटलं, झटक्यानंतर रुग्ण असं काहीबाही बोलतात.

दुपारी असरची नमाज झाली की खुर्शीद बाल्कनीच्या दाराशी बसून कुराणातलं पाठ असलेलं हळू आवाजात म्हणायची. मामा झोपलेल्या असत, निदान तिला तसं वाटायचं. एक दिवस पलंगावरून आवाज आला, "तुला याचा अर्थ कळतो?"

"आता थोडा कळतो. लहानपणी काहीच कळत नव्हता."

"मग पाठ कसं केलंस?"

खुर्शीदने सांगितलं. दाभोळला मशिदीमागच्या खोलीत एक आपा मुलींना शिकवायच्या. आपा एक ओळ म्हणणार, मुली तीच ओळ सात वेळा म्हणणार. मग पुढची ओळ. मग दोन्ही जोडून. अर्थ कळो न कळो, एक आवाज आखूड झाला की आपा थांबवायच्या, आणि मुलगी चुकीच्या जागेपासून नव्हे तर पहिल्यापासून सुरुवात करायची. एकदा पाठ झालेलं विसरणं म्हणजे मोठा गुन्हा. म्हणून रोज आधीच्या सगळ्याची एक फेरी मारायची, तिला दौर म्हणतात. पन्नाशी उलटली तरी खुर्शीदचा दौर चुकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मामा म्हणाल्या, "माझ्या डोक्यात कविता आहेत. हात लिहीत नाही, डोळे वाचत नाहीत. फोनमध्ये भरून पाहिल्या. तो लुळा आवाज ऐकला आणि वाटलं, या माझ्या नव्हेतच. मला त्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायच्या आहेत, म्हणजे कुठे चुकतंय ते कळेल. तू आपांसारख्या शिकशील?"

खुर्शीदने लगेच हो म्हटलं नाही. हा काही गोळ्या देण्याचा प्रश्न नव्हता. ज्या जागी लहानपणापासून अल्लाचं कलाम ठेवलंय, त्या जागी या बाईंच्या कविता ठेवायच्या का, हा विचार तिला छळू लागला. अझीझिया वस्तीतल्या खोलीत तिच्यासोबत आबिदा राहायची, म्हसळ्याची, एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला. खुर्शीदने तिला विचारलं.

"तुज्या डोक्यात जागा रग्गड हाय," आबिदा भाकरी थापता थापता म्हणाली. "शिनेमाची एवढी गाणी भरलीस, तेव्हा नाय विचारलंस ते."

तसं काम सुरू झालं.

ते काम किती कठीण होतं हे खुर्शीदने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. नॉर्वेजियन भाषेत काही आवाज असे होते की ओठ शिट्टीसारखे करावे लागत आणि जीभ भलतीकडे ठेवावी लागे. मामा एक ओळ म्हणत, खुर्शीद सात वेळा. लुळ्या तोंडातून आवाज नीट येत नसे, तेव्हा मामा डाव्या हाताच्या बोटांनी तिचे ओठ धरून गोल करून दाखवत. पहिली कविता बसायला अकरा दिवस लागले. ती पूर्ण म्हणून दाखवली तेव्हा मामा डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात मी खोटं बोलले आहे. बदलूया."

इथे मात्र खुर्शीदची गाडी अडली. आपांच्या खोलीत कधी शब्द बदलला नव्हता. पाठ झालं ते कायमचं. मामा तर आज एक शब्द घालत, उद्या काढत, परवा तोच परत आणत. खुर्शीद नवीन शब्द शिकायची, पण जुना काही केल्या जाईना. नवी सून आली म्हणून सासू घर सोडून जात नाही, तसे दोन्ही शब्द तिच्या डोक्यात नांदू लागले. म्हणताना ती नवा म्हणायची, दौर करताना जुन्यालाही एकदा हात लावून पुढे जायची. मामांना तिने हे सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.

कामाच्या मध्ये मामा आपलं आयुष्य सांगत, तुकड्या-तुकड्यांनी. त्या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या एका बेटावर जन्मल्या. तिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही. बाप मासेमार. सातव्या वर्षापासून त्या मासे कापायच्या, आणि ते कापलेले मासे लाकडी मांडवांवर वसंतभर वाळत टांगलेले असायचे, साऱ्या गावाला त्यांचा वास. "आमच्याकडे बोंबील," खुर्शीद म्हणाली, आणि त्या दिवशी कविता राहिली, दोघी तासभर सुक्या मासळीवर बोलत बसल्या. मग बापाची होडी परत आली नाही. मारित शाळामास्तरीण झाली, चोविसाव्या वर्षी पहिलं पुस्तक निघालं, सगळं बापावर. दुसरं निघालं ते लोक सोडून गेलेल्या त्या बेटावर. मग मुलगा, आयरिक. सहा वर्षांचा असताना धक्क्यावरून पाण्यात पडला आणि बुडाला. त्याच्यावर तीन पुस्तकं झाली. त्यांतल्या कविता तिकडच्या शाळांतून मुलांना पाठ करायला लावतात, बक्षीस मिळालं, राजाशी हस्तांदोलन झालं. हे सांगताना मामांचा आवाज कोरडा असायचा.

आयरिक गेल्यावर वर्षाच्या आत मुलगी झाली, उन्नी. ती गुरांची डॉक्टर होती. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. खुर्शीद फोन मामांच्या कानाशी धरायची, आणि परकी भाषा असली तरी तिला कळायचं की मायलेकी हवापाण्यापलीकडे जात नाहीत. चार मिनिटांत फोन संपायचा. मग मामा भिंतीकडे तोंड करत.

अकराव्या कवितेनंतरची जी कविता मामांनी सुरू केली, तिच्यात खुर्शीदला उन्नीचं नाव ऐकू आलं. एकदा नव्हे, तीनदा. बाकी एक अक्षर कळलं नाही, पण आईने लेकीचं नाव घेतलेलं कुठल्याही भाषेत कळतंच. ती कविता नऊ दिवसांत बसली. मामांनी तिच्यात एकही शब्द बदलला नाही. दहाव्या दिवशी खुर्शीदने ती सलग म्हणून दाखवली, आणि मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"ही काढून टाक," त्या म्हणाल्या. "पुस्तकात नको. तुझ्या डोक्यातही नको."

"हो, मामा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "गेली?"

"गेली, मामा," खुर्शीदने सांगितलं. अर्ध्या तासापूर्वीच तिच्या दौरात ती कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाली होती. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून आजवर तिने खूप खोटं सांगितलं होतं, ताप उतरलाय, मुलगा निघालाय, जखम भरतेय. त्यातलंच हे एक, असं तिने मनाशी म्हटलं. पण ते तसं नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

सतरावी कविता पुरी झाल्यावर तीन आठवड्यांनी, जानेवारीत एका दुपारी, मामा गेल्या. खुर्शीद सूप गरम करून आणेपर्यंत सगळं खलास झालं होतं. तिने डोळे मिटवले, हनुवटी बांधली आणि मग फोन केला.

उन्नी आली. सत्तेचाळीस वर्षांची उंच बाई, मोठे हात, कातडीवर वाऱ्याचे डाग. कागदपत्रांना चार दिवस लागले, पाचव्या दिवशी मामांना नवऱ्याच्या शेजारी पुरलं. उन्नी रडली नाही. घरी येऊन तिने आईचं कपाट आवरायला घेतलं, आणि खुर्शीदला म्हणाली, "प्रकाशक रोज विचारतोय. आईने त्याला कळवलं होतं की शेवटचं पुस्तक तुमच्या डोक्यात आहे. मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी बोलणं असेल."

"आहे," खुर्शीद म्हणाली. "सतरा."

उन्नीने फोन टेबलावर ठेवला, लाल ठिपका लागला. खुर्शीदने नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याचा वजू केला नव्हता, करावा की नाही हा विचार तिच्या मनात येऊन गेला. मग ती नुसती हात धुऊन आली, खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणू लागली.

पहिल्या कवितेच्या चौथ्या ओळीला उन्नी उठून खिडकीशी गेली. दाभोळच्या एका बाईच्या तोंडून तिच्या आजोळच्या बेटावरची बोली येत होती, आईची बोली, शहरात राहूनही आईने न सोडलेले हेल, सगळं जिथल्या तिथे. दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दिवशी सतरावी संपली, तेव्हा उन्नीने फोन बंद केला.

"चांगल्या आहेत," ती म्हणाली. "मला कवितेतलं फार कळत नाही. पण चांगल्या आहेत. परत मुलगा, परत बाप, परत तो मासे वाळवायचा मांडव." मग फोन हातात फिरवत म्हणाली, "तेरा पुस्तकं आणि आता चौदावं. माझ्या भावाला मी पाहिलंही नाही, पण शाळेत मला त्याच्यावरच्या कविता पाठ कराव्या लागल्या. वर्गात उभं राहून. माझ्यावर एक ओळ नाही. मी जिवंत होते, हाच बहुधा माझा दोष. तुम्हाला म्हणून विचारते, या दीड वर्षात आईने माझ्यावर काही म्हटलं? माझं नाव कुठे आलं?"

गेलेल्या माणसाला दिलेला शब्द एका बाजूला, आणि समोर ही एवढी मोठी बाई शाळेतल्या मुलीसारखी उत्तराची वाट पाहत बसलेली.

"नाही," खुर्शीद म्हणाली.

उन्नीने मान हलवली. उत्तर तिला आधीच माहीत असल्यासारखी. तिचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं.

खोलीवर आल्यावर खुर्शीद जेवली नाही. आबिदाने खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"तिनं खोड म्हणून सांगितलंन ना?" आबिदा म्हणाली. "मग झालं. मय्यतीला दिलेली जबान हाय ती. अमानतीत हात घालू नको."

"खोडलं कुठं मी?" खुर्शीद म्हणाली. "रोज म्हणतंय मी ती. अमानत म्हणतेस, मग अमानत ज्याची त्याला द्यायची का ठेवून घ्यायची? आणि ती नक्की कुणाची, आईची का लेकीची, ह्येच मला कळत नाय."

"त्यात शिव्या असतील तर? तुला काय ठाव काय हाय त्यात?"

मामा रडल्या होत्या, पण माणूस रागानेही रडतं. आयुष्यभर जिने लेकीशी चार मिनिटांपलीकडे बोलणं केलं नाही, तिने शेवटी मनातलं काय ओकलं असेल कुणी सांगावं. ती कविता उन्नीच्या पदरात टाकायची आणि तो निखारा निघायचा. पण न टाकावी तर ही बाई मरेपर्यंत समजणार की आईने एकदाही नाव घेतलं नाही, आणि ते तर धडधडीत खोटं होतं. मामांशी एक खोटं, लेकीशी एक खोटं, आणि दोन्ही खुर्शीदच्या नावावर. ती स्वतःवरच चिडली. आपांनी विसरायला शिकवलं नाही ही काही तिची चूक नव्हती. पण 'विसरले' म्हणून सांगायला आपांनी कुठे शिकवलं होतं?

सकाळी ती न बोलावता मामांच्या घरी गेली. उन्नी बॅगेत पुस्तकं भरत होती.

"मॅडम, मी काल खोटं बोलले," खुर्शीद उभ्या उभ्याच म्हणाली. "अठरा आहेत. मामांनी एक काढून टाकायला सांगितली होती. पुस्तकात नको, म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यातही नको. मी हो म्हटलं, पण मला ते जमत नाही. तिच्यात तुमचं नाव आहे. चांगलं आहे की वाईट ते मला माहीत नाही. ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

उन्नी हातातलं पुस्तक धरून तशीच खाली बसली, जमिनीवर, बॅगेशेजारी. तिने फोनकडे हात नेला नाही. "म्हणा," ती म्हणाली.

खुर्शीदही खाली बसली आणि म्हणू लागली. मान खाली घालून म्हणाली, कारण समोरच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर आपण थांबू याची तिला भीती होती. संपल्यावर तिने वर पाहिलं. उन्नीचे दोन्ही हात तोंडावर होते.

"वाईट आहे?" खुर्शीदने विचारलं.

उन्नीने मान हलवली. वाईट नव्हतं. मग ती एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागली. "मी जन्मले त्या सकाळचं आहे. आई म्हणते, दाईने तुला जवळ आणलं तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं. तू त्याच्यासारखी दिसशील या भीतीने. मग मी पाहिलं, उन्नी, आणि तू कुणासारखीच नव्हतीस." ती थांबली. "पुढे म्हणते, मी ज्या ज्या कुणावर लिहिलं तो आधीच गेलेला होता. बाप, बेट, मुलगा. जिवंत माणसावर लिहायचं धाडस मी केलं नाही. लिहिलं की ते जातं, असं मला वाटतं. म्हणून, उन्नी, तेरा पुस्तकांत मी तुला लपवून ठेवलं आहे."

खुर्शीदला यात समजावून सांगण्यासारखं काहीच उरलं नाही. तिच्या स्वतःच्या आईने तिला कधी गोरी म्हटलं नव्हतं, हुशार म्हटलं नव्हतं, न्हाऊ घातल्यावर कानामागे काजळ लावताना 'माझी काळी गो' म्हणायची. नॉर्वेत काजळ लावतात की नाही देव जाणे, पण भीती तीच होती. म्हणूनच मामांनी ती काढायला लावली. लेक अजून जिवंत होती.

"ही पुस्तकात नको," खुर्शीद म्हणाली.

"नाही," उन्नी म्हणाली. "कागदावरही नको. फोनमध्येही नको." तिने बाहीने डोळे पुसले आणि पाय दुमडून समोर नीट बसली. "मला पाठ करायची आहे. तुम्ही शिकवा."

विमानाला सात तास होते. खुर्शीदने तिला पाठ सरळ करून बसवलं, जसं आपा बसवायच्या, आणि पहिली ओळ म्हटली. उन्नीने ती सात वेळा म्हटली. मग दुसरी. मग दोन्ही जोडून. ज्या भाषेतला एक शब्द खुर्शीदला कळत नव्हता ती उन्नीची मातृभाषा होती, तरी चुका उन्नीच्याच होत होत्या, कारण तिला अर्थ कळत होता आणि अर्थापाशी तिचा आवाज फुटत होता. खुर्शीद थांबायची, पाणी द्यायची, आणि पहिल्यापासून म्हणायला लावायची. दुपारची, जुहरची अजान झाली. आठव्या ओळीपर्यंत आल्या.

आठव्या ओळीत उन्नी एक शब्द गाळून भरकन पुढे गेली. खुर्शीदने हात वर करून तिला थांबवलं.

"तिथे तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "गाळू नका. पुन्हा म्हणा."